घराजवळ उगवलेलं अनोळखी फुलझाड कसं ओळखायचं? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोळ्याच्या आसपास नागपूरच्या कुठल्याही नव्या ले-आऊटमध्ये चक्कर मारा. बेसा, बेलतरोडी, मानेवाडा, हिंगणा रोड, कुठेही. बांधकाम न झालेला प्रत्येक प्लॉट कमरेएवढ्या हिरवाईनं भरलेला असतो आणि त्यात पिवळी, जांभळी, पांढरी फुलं डोलत असतात. मग 'हे काय आहे?' या प्रश्नासह एक धूसर फोटो कॉलनीच्या ग्रुपवर येतो आणि पाच जण पाच नावं सांगतात. त्या पाच नावांतून एकापर्यंत कसं जायचं, याबद्दल नेहमी विचारले जाणारे हे प्रश्न.

शेजारच्या प्लॉटवर कधी न पाहिलेलं फुलझाड आलं आहे. सुरुवात कुठून करू?

जागेपासून. झाड नेमकं कशात उगवलं आहे ते आधी बघा: भरावाच्या मुरमात, न हललेल्या काळ्या मातीत, नाल्याच्या ओल्या काठावर, की कंपाउंडच्या भिंतीला चिकटून? उकरलेल्या, उलथापालथ झालेल्या जमिनीवर पहिल्यांदा येणाऱ्या झाडांची यादी फार लांब नसते. मुरमाच्या ट्रकबरोबर बी येतं आणि पहिल्या दोन-तीन पावसांत उगवतं. म्हणून प्लॉटवरचं झाड तुमच्या ओळखीचं नसलं, तरी शंभरातल्या नव्वद वेळा ते दुर्मीळ वगैरे नसतं. पुढच्या गल्लीतही तेच असतं, आपण तिथे थांबलेलो नसतो. नवीन जात सापडली या आनंदात पेपरवाल्यांना फोन करण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

या यादीतली बरीचशी मंडळी मुळात इथली नाहीत. गाजरगवत, घाणेरी, एकदांडी, रानतुळस, पिवळा धोतरा, वाघनखी, बेशरम ही सगळी अमेरिका खंडातून आलेली. गोरेवाड्याच्या किंवा सेमिनरी हिल्सच्या झाडीत शिरलात तर यादी बदलते आणि ओळखणंही अवघड होतं. घराजवळच्या प्लॉटवर मात्र संशयित थोडेच असतात. काम सोपं आहे.

फोटो कसे काढायचे? मी फुलाचा एकदम जवळून छान फोटो काढला आहे.

तो ठेवा, पण त्या एकाच फोटोवर नाव सांगणारा माणूस अंदाजच सांगतो आहे असं समजा. पूर्ण झाडाचा एक फोटो हवा, म्हणजे ते जमिनीवर पसरलं आहे, ताठ उभं आहे की वेल आहे हे कळतं. पान खोडाला जिथे जोडलेलं असतं त्या सांध्याचा एक. पानाच्या दोन्ही बाजू. फूल समोरून आणि बाजूनं, कारण पाकळ्यांखालची हिरवी वाटी, म्हणजे निदलपुंज, फक्त बाजूनंच दिसते. आणि फळ किंवा शेंग असेल तर ती हवीच हवी. फुलावरून दोन झाडांत गोंधळ होतो, फळावर तो बहुतेकदा सुटतो. आकार कळावा म्हणून शेजारी पाच रुपयाचं नाणं किंवा स्वतःचं बोट धरा.

सकाळी फोटो काढा. केन्याचं निळं फूल दुपारपर्यंत मिटून विरघळल्यासारखं होतं. पेटारीचं उलट, तिची पिवळी फुलं दिवस कलला की उघडतात. सकाळी गेलात तर नुसत्या कळ्या दिसतील आणि 'याला फुलंच येत नाहीत' असा समज होईल.

जाताना पायात बंद बूट आणि हातात काठी. पावसाळ्यातल्या प्लॉटवर आपण पाहुणे असतो, घोणस आणि नाग तिथले रहिवासी.

फुलाचा रंग सांगितला तर नाव सांगता येणार नाही का?

नाही. पावसाळ्यात नागपुरात 'पिवळं छोटं फूल' म्हटलं की तरोटा, गोखरू, पेटारी, चिकणा, पिवळी तिळवण, घोळ एवढी तरी रांगेत उभी राहतात. शिवाय रंग फसवतो. घाणेरीच्या एकाच गुच्छात मधली फुलं पिवळी आणि कडेची गुलाबी किंवा केशरी असतात, कारण फूल जुनं होताना रंग बदलतं. रंगाला सगळ्यात शेवटी विचारा.

मग रंग सोडून बघायचं तरी काय?

इथे थोडा वेळ घालवावा लागेल, पण एकदा डोळ्याला सवय झाली की आयुष्यभर पुरते.

आधी पानांची मांडणी. एका सांध्यावर दोन पानं समोरासमोर, की एक इकडे एक तिकडे अशी आळीपाळीनं? हा एक प्रश्न निम्मी यादी बाद करतो. मग खोड बोटात धरून फिरवा. चौकोनी लागलं, पानं समोरासमोर आहेत आणि फुलाला वरचा-खालचा असे दोन ओठ आहेत, तर बहुधा तुळशीचं कुळ. (घाणेरीचं खोडही चौकोनी असतं, म्हणून तिन्ही गोष्टी एकत्र बघायच्या.)

पान तोडल्यावर चीक येतो का? पांढरा आला तर रुईचं किंवा दुधीचं कुळ असू शकतं. पिवळा आला तर पिवळा धोतराच. चीक बघताना हात डोळ्यांपासून लांब ठेवा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर नजर धूसर होते. भरपूर पाण्यानं धुऊन नेत्रतज्ज्ञाकडे जावं लागतं.

आता फूल. पाकळ्या मोजा आणि त्या सुट्या आहेत की एकमेकींना जुळून नळी किंवा नरसाळं झालं आहे ते बघा. नरसाळं असेल आणि वेल किंवा झुडूप असेल तर गारवेलीच्या कुळाकडे जा. नाल्याकाठची फिकट गुलाबी-जांभळी बेशरम त्याच घरातली. मधोमध पुंकेसरांची एकच दांडी उभी असेल, जास्वंदीला असते तशी, तर पेटारी, चिकणा यांचं कुळ. चार पाकळ्या आणि लांब बाहेर डोकावणारे केसर असतील तर तिळवण.

एका गोष्टीत सगळेच फसतात. एकदांडीचं, म्हणजे आपल्याकडे कंबरमोडी म्हणतात तिचं, एक फूल म्हणजे खरं तर बऱ्याच फुलांचा गुच्छ असतो. मधली पिवळी चकती बऱ्याच बारीक नळीदार फुलांची बनलेली. कडेच्या पांढऱ्या 'पाकळ्या' म्हणजे प्रत्येकी एक स्वतंत्र फूल, टोकाला तीन दाते असलेलं. सूर्यफुलाचं अख्खं कुळ असंच आहे. झेंडू सोलून बघा, लगेच पटेल.

शेवटी वास. पान चुरगळा आणि नाकाजवळ आणा, पण जीभ लावू नका. कासविंदाचा उग्र वास किंवा रानतुळशीचा पुदिन्यासारखा वास फोटोत येत नाही, आणि फोटोवरून ओळखणारे इथेच मागे पडतात.

ॲपनं तीन वेगवेगळी नावं दिली. कोणतं खरं?

कदाचित तिन्ही नाहीत. गूगल लेन्स तुमच्या चित्रासारखी चित्रं शोधून देतं. चित्रासारखं चित्र म्हणजे तेच झाड असं नाही. प्लँटनेटमध्ये तुम्ही पान, फूल, फळ असं वेगळं सांगू शकता, त्यामुळे उत्तर जरा बरं येतं. आय-नॅचरलिस्टचा फायदा असा की यंत्राच्या अंदाजानंतर माणसं येऊन बघतात. तारीख, जागा आणि फोटो असलेल्या नोंदीवर ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशापेक्षा जास्त जणांचं जातीबद्दल एकमत झालं की तिला 'रिसर्च ग्रेड' हा दर्जा मिळतो.

माझा सल्ला असा: ॲपनं दिलेल्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द, म्हणजे प्रजाती, आणि त्याचं कुळ एवढंच घ्या. तीन उत्तरांत कुळ एकच येत असेल तर दिशा बरोबर आहे. कुळंही तीन वेगळी आली तर फोटो पुन्हा काढा. आणि घराजवळची नोंद टाकताना आय-नॅचरलिस्टवर जागा धूसर ठेवायची सोय आहे, ती वापरा. घरचा पत्ता जगाला कशाला?

आमच्या भागात सगळ्यात जास्त कशाबद्दल विचारणा होते?

वाघनखीबद्दल. पावसाळ्यात भल्या मोठ्या, चिकट लव असलेल्या पानांचं झुडूप येतं, फिकट गुलाबी घंटेसारखी फुलं लागतात, आतून जांभळे डाग. फूल इतकं देखणं की कुणीतरी बागेतून आणून लावलं असावं असं वाटतं. मग दिवाळीनंतर पानं झडतात आणि काळी, टणक फळं उरतात, टोकाला दोन वाकडे आकडे असलेली. काही ठिकाणी तिला विंचूही म्हणतात. हे आकडे जनावरांच्या पायात, केसांत अडकून बी लांब पोहोचवतात. मूळ मेक्सिकोकडचं झाड. फळ एकदा पाहिलं की पुन्हा कधी चुकत नाही.

दुसरी दीपमाळ. माणसाएवढी उंच, खोड चौकोनी, आणि ठरावीक अंतरावर काटेरी गोल चेंडू ओवल्यासारखे; त्या चेंडूंतून केशरी, मखमली फुलं डोकावतात. तुळशीचंच कुळ, आलेली आफ्रिकेतून.

कळलावीची विचारणा कमी येते, पण येते ती घाईची. कुंपणावर चढणारी वेल, पानाचं टोक वळून आधाराला धरतं, सहा नागमोडी पाकळ्या पिवळ्यापासून लाल होत जाणाऱ्या. दिसायला अप्रतिम. तिच्या सगळ्या भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसिन हे जहाल विष असतं. बघा, फोटो काढा, घरात लहान मुलं असतील तर कंद हौसेनं कुंडीत लावू नका.

मुरमाड उतारावर, चालता चालता पायाखाली येईल इतकी बुटकी, निळ्या टिकल्यांसारखी फुलं दिसली तर ती विष्णुक्रांता. बसून बघावी लागते.

तुळशीसारखा वास येतो, जांभळी फुलं आहेत. ही रानतुळस पूजेला चालेल?

पूजेचं घरच्या मोठ्यांना विचारा. झाडापुरतं सांगतो: ती आपल्या अंगणातली तुळस नाही. कुळ एकच आहे, म्हणून चौकोनी खोड आणि वास जुळतो, पण ही अमेरिकेतली आगंतुक, माणसाच्या उंचीपर्यंत वाढणारी, लव असलेली. तिच्या हिरव्या वाट्यांना टोचरे दाते असतात; तुळशीची मंजिरी बोटांना कधी टोचत नाही. भिजवल्यावर तिचं बी सब्जासारखं फुगतं, पण सब्जा म्हणून वापरू नका.

काटेरी पान, पिवळं फूल. हा धोतराच ना?

नाव पिवळा धोतरा, पण धोतऱ्याशी त्याचं काही नातं नाही. धोतरा वांग्याच्या कुळातला: लांब पांढरं किंवा जांभळट नरसाळं, पान गुळगुळीत किंवा लव असलेलं, काटे फक्त फळावर. पिवळा धोतरा अफूच्या कुळातला: पानांवर पांढऱ्या शिरा आणि कडेला काटे, मोडला की पिवळा चीक, आणि फुलायचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. दोन्ही विषारी, पण विष वेगवेगळं. पिवळ्या धोतऱ्याचं बी काळं, मोहरीसारखं दिसतं. त्याच्या तेलाची भेसळ मोहरीच्या तेलात झाल्यानं 1998 मध्ये दिल्लीत अंगाला सूज येण्याची मोठी साथ आली होती आणि माणसं दगावली होती.

तरोटा आमच्याकडे खातात. प्लॉटवरचा तरोटा आणून भाजी केली तर?

आधी तो तरोटाच आहे हे पक्कं करा. तरोट्याच्या (पुण्या-मुंबईकडे टाकळा) एका पानात पर्णिकांच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या असतात, पर्णिकांची टोकं गोलसर बोथट, शेंग लांब, बारीक आणि वाकडी. संध्याकाळी पर्णिका मिटतात. शेजारीच उगवणाऱ्या कासविंदाला चार ते सहा जोड्या असतात, टोकं अणकुचीदार, आणि देठाच्या अगदी बुडाशी एक गाठ. तरोट्याची गाठ वर, पर्णिकांच्या जोड्यांमध्ये असते. फरक बारीक वाटतो, पण महत्त्वाचा आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना होणाऱ्या एका जीवघेण्या आजाराचा माग काढताना डॉक्टर कासविंदाच्या बियांपर्यंत पोहोचले होते. मुलांनी खेळता खेळता शेंगा खाल्ल्या होत्या.

आता ओळख पक्की झाली तरी प्लॉटवरचं मी आणणार नाही, आणि तुम्हीही आणू नये. तिथे सांडपाणी येतं, मलबा पडतो, तणनाशक फवारलं जातं आणि कुत्री फिरतात. वावराच्या धुऱ्यावरचा कोवळा तरोटा, केना, कुर्डू, घोळ यांची गोष्ट वेगळी. ज्यांनी निंदण करताना ते हजारदा हाताळलं आहे त्या बायका बाजारात जुड्या घेऊन बसतात. त्यांच्याकडून घ्या आणि घेताना कसं ओळखता ते विचारा. त्या आनंदानं सांगतात.

केन्याबद्दल एक गंमत सांगायची राहून जाईल. त्याला जमिनीखालीही फुलं येतात, कधीच न उघडणारी, आणि तिथल्या तिथे बी धरतात. म्हणूनच निंदूनही केना पुन्हा हजर.

झाड विषारी आहे का, हे ओळखायची काही खूण?

सगळ्यांना लागू पडेल अशी एकही नाही. 'जनावर खातं म्हणजे चालतं', 'पक्षी खातात म्हणजे फळ चांगलं', 'कडू नसेल तर विषारी नाही' यातलं काहीही धरून चालू नका. बेशरम शेळ्या खातात, त्यांना तिची चटक लागते आणि त्यानंच त्या खंगतात.

मुलानं काही तोंडात घातलं तर नाव शोधत बसू नका. तोंडातलं काढा, उलटी करवू नका, 108 ला फोन करा किंवा सरळ दवाखान्यात न्या. जाताना झाडाची फांदी फळाफुलासकट पिशवीत घालून बरोबर न्या. डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा ती फांदी जास्त कामाची.

प्लॉट साफ केला तेव्हापासून हात खाजतात. कशानं?

पहिला संशय गाजरगवतावर. पानं गाजरासारखी, किंवा सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) वरच्या पानांसारखी चिरलेली, आणि वर बारीक पांढऱ्या फुलांचा झुबका. पुण्यात 1955 मध्ये त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरलं. त्यातल्या पार्थेनिन या रसायनामुळे काहींच्या त्वचेवर पुरळ उठतो, आणि एकदा ॲलर्जी सुरू झाली की नुसत्या संपर्कानंही त्रास वाढत जातो. साबणपाण्यानं हात धुवा, तेच कपडे पुन्हा घालू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. पानांवर काळ्या-पिवळसर नागमोडी रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर मारू नका. ते मेक्सिकोहून मुद्दाम आणलेले, गाजरगवत खाणारे मित्रकीटक आहेत.

नागपुरात कोणाला दाखवता येईल?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा पदव्युत्तर वनस्पतिशास्त्र विभाग आहे, शिवाय शहरातल्या विज्ञान महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आहेत. शेतातलं तण असेल तर कृषी महाविद्यालय. रिकाम्या हातानं जाऊ नका. फूल आणि शक्यतो फळ असलेली फांदी जुन्या वर्तमानपत्रात दाबून, वर जड पुस्तकं ठेवून वाळवा. पावसाळ्यात कागद रोज बदला, नाहीतर बुरशी येते. सोबत चिठ्ठीवर तारीख, जागा, उंची, ताज्या फुलाचा रंग आणि वास लिहा, कारण वाळल्यावर शेवटच्या दोन गोष्टी जातात.

ही फांदी आपल्या कॉलनीतून घ्या. वनखात्याच्या ताब्यातल्या जागेतून झाड उपटणं किंवा कंद खणणं कायद्यात बसत नाही. तिथे फोटोवर भागवा.

नाव मिळालं. ते बरोबर आहे हे कसं समजायचं?

त्या नावाचं वर्णन वाचा आणि न जुळणारी गोष्ट शोधा. जुळणाऱ्या गोष्टी आपण आपोआप शोधतोच. पानं समोरासमोर असायला हवीत आणि तुमची आळीपाळीनं असतील तर नाव चूक, मग फूल कितीही सारखं दिसो. आणि शास्त्रीय नाव लिहून ठेवा. शंखपुष्पी म्हणून चार ठिकाणी चार वेगळी झाडं दाखवली जातात.

आता ते ठेवू की काढू?

झाडागणिक उत्तर वेगळं. रुई ठेवा, तिच्या पानांवर बिबळ्या कडवा फुलपाखराच्या अळ्या वाढतात. तरोट्यावर छोटी पिवळी फुलपाखरं अंडी घालतात. रस्त्याच्या बाजूचा गोखरू काढा, सायकलींची ट्यूब वाचेल. बेशरम नुसती तोडून नाल्याकाठी टाकू नका, पडलेल्या दांड्याला मुळं फुटतात. गाजरगवत फुलं येण्याआधी, पाऊस पडून माती मऊ झाली की हातमोजे घालून मुळासकट उपटा. फुलं आली असतील तर कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका; पुढच्या वर्षी ते खत जिथे जिथे घालाल तिथे तिथे गाजरगवत उगवेल.